पाय लांब करून

माझे सासरे मेल्यावर बसणार होते. हसू नका. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं समाधीच्या खड्ड्यात उतरवतात. त्यासाठी घाई करावी लागते. अंग गरम आहे तोवर पाय दुमडून घ्यायचे. एकदा ताठलं की ते कुणाचं ऐकत नाही. हे आमच्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी ते केलं.

सासऱ्यांचं नाव चनमल्लप्पा. घरात सगळे अप्पा म्हणायचे. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, नोकरीची शेवटची नऊ वर्षं जेऊरला काढली. रिटायर होऊन सोलापूरला आले आणि घराचं स्टेशन केलं. चहा सहा वाजून दहा मिनिटांनी. बारा मिनिटांनी आला तर कपाला हात न लावता घड्याळाकडे बघत बसायचे. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, पण आल्यावर आधी कोणतं पिंप भरायचं ते अप्पा ठरवणार. शेंगाचटणीत लसूण किती, दाराला कडी कधी, माझा माहेरचा फोन किती मिनिटं, सगळं त्यांच्या हातात. मीही काही गरीब गाय नव्हते. मला तोंड आहे आणि ते मी वापरलं. सव्वीस वर्षांत आमचं एक दिवस पटलं नाही.

सासूबाई सावित्रम्मा, म्हणजे आमच्या अव्वा, मात्र कधी काही बोलल्या नाहीत. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. खाली बसलं की उठता येत नव्हतं. तरी जेवायला अप्पांसमोर जमिनीवर मांडी घालूनच बसायच्या, कारण खुर्चीत बसून जेवणारी बाई अप्पांना खपत नव्हती. जेवण झालं की भिंतीला धरून धरून उठायच्या, आणि अप्पा तोवर हात धुऊन पेपर वाचत असायचे.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये दोघांनाही कोरोना झाला. दवाखाना एकच, मजले वेगळे. माझे यजमान अनिलकुमार घरीच तापानं फणफणत पडलेले. अव्वा गेल्या तेव्हा धावाधाव करायला मी एकटी होते. दिवसच तसे होते, कुणाला बोल लावायचा? त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, गाडीत घातलं आणि विद्युतदाहिनीत नेलं. बसवणं नाही, समाधी नाही, विधी करायला अय्या नाहीत. मी लांबून हात जोडले आणि रिक्षा मिळेना म्हणून चालत घरी आले.

अप्पांना आम्ही अकराव्या दिवशी सांगितलं, ते घरी आल्यावर. ते रडले नाहीत. एवढंच विचारलं, "बसवलं का तिला?"

"न्हाय अप्पा."

"मग?"

"आडवंच नेलं."

"जाळलं?"

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी उठून बसले आणि म्हणाले, "सूनबाई, कागद आण."

त्या कागदाचं पुढं लॅमिनेशन झालं आणि तो त्यांच्या पलंगाशेजारी खिळ्याला लटकला. त्यात अकरा कलमं होती. मला काहीही झालं तरी दवाखान्यात मरू देऊ नये. समाधी मैंदर्गीच्या शेतात. खड्डा आताच खणून, विटांनी बांधून, वर शहाबादी फरशी टाकून ठेवावा. लांबी चार फूट, रुंदी चार फूट. मिरवणुकीला सागवानी खुर्ची, पाठ उंच. पलंगाच्या वर भिंतीत लोखंडी कडी ठोकावी, म्हणजे बसवल्यावर धोतराच्या पट्टीनं पाठ बांधून ठेवता येईल. आणि अकरावं कलम असं होतं: शेवटच्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसेल, तेव्हा घाबरून किंवा भ्रमात मी याच्याविरुद्ध काहीही बोललो तरी ते मानू नये. खाली सही, तारीख, वेळ.

सगळं तसंच झालं. कडी बसली, खुर्ची आली, ती माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवली. मैंदर्गीला माझे धाकटे दीर श्रीशैल शेती बघतात, त्यांनी खड्डा बांधून घेतला. फरशीवर त्यांच्या शेळ्या निवांत बसायच्या. दर सणाला अप्पा तिकडं जायचे, शेळ्या हुसकायचे, फरशी उचलायला लावायचे आणि आत पाणी झिरपलंय का ते बॅटरी मारून बघायचे. परत येताना गाडीत त्यांचा चेहरा असा असायचा की जणू जागा रिझर्व्ह झाली.

चोवीसच्या दिवाळीत अप्पा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, वय एक्क्याऐंशी आहे, गुडघे रोज वाकवत राहा, नाहीतर आखडतील. दुसरा कुणी असता तर चालता येणार नाही म्हणून घाबरला असता. अप्पांची काळजी वेगळी. "चालणं गेलं तर गेलं," मला म्हणाले, "मांडी आली पाहिजे."

व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा, त्याला अप्पांनी दहा दिवसांत घालवलं. वेळ पाळत नव्हता. मग ते काम माझ्याकडे आलं. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. कोमट तेल गुडघ्याला चोळायचं, टाच धरायची आणि पाय पोटाकडे रेटायचा. एका पायाला वीस वेळा. आकडे तेच मोजायचे. सात-आठ झाले की "साकु, साकु" म्हणायला लागायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "मी साकु म्हणणार. तू थांबायचं न्हाय."

मी थांबले नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. जो माणूस चहाच्या दोन मिनिटांवरून मला सव्वीस वर्षं घालूनपाडून बोलला, तो माझ्या हातात कळवळत होता, आणि वर त्याचीच परवानगी होती. वीस झाले की कधीकधी मी म्हणायचे, "अप्पा, मधला एक मोजायचा राहिला वाटतं." आणि एकविसावा घ्यायचे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी हात धुऊन भाकरी टाकायला जायचे, आणि त्या दिवशी भाकरी चांगली फुगायची.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्तानं घर पाहुण्यांनी भरलं. अप्पांची धाकटी बहीण निंगव्वा आत्या तर आमच्याच गल्लीत राहतात, त्याही होत्या. सगळ्यांसमोर अप्पा म्हणाले, "सूनबाई कामचुकार हाय. तेल गार आणती. अजून दोन इंच पाय यायचा राहिलाय." माझ्या हातात पोळ्यांचं ताट होतं. मी म्हटलं, "जास्त बोलू नका अप्पा. तुमचे पाय माझ्या हातात हायत. आडवं पाठवीन, बघा." सगळे हसले. अनिलकुमारही हसले. अप्पा हसले नाहीत, आणि निंगव्वा आत्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

ते वाक्य मी पुढं दोन-तीनदा वापरलं. लागतं म्हटल्यावर मी सोडते होय?

मार्चच्या शेवटी ऊन चढलं. अप्पांचा डावा गुडघा सुजून लालबुंद झाला होता, तरी वेळ म्हणजे वेळ. त्या दिवशी बाराव्या आकड्याला ते इतके ओरडले की शेजारीण डोकावून गेली. वीस झाल्यावर धापा टाकत म्हणाले, "तुझ्यात जोर न्हाय. सावित्री असती तर तिनं नीट केलं असतं."

माझं डोकं फिरलं. अव्वांचं नाव ह्यांनी घ्यावं? मी टाच हातातून सोडून दिली आणि म्हटलं, "अव्वांनी? ऐकायचं का अव्वांचं? गाडीत घालायच्या आधी त्यांचं प्लॅस्टिक उघडून मला एकदा दाखवलं. पाय लांब होते अप्पा त्यांचे. सरळ लांब. जन्मात पहिल्यांदा त्यांना मांडी घाल म्हणणारं कुणी नव्हतं. तोंडावर दुखल्याची एक रेघ न्हाय. इतक्या सुखानं निजलेल्या मी अव्वांना कधी बघितलं नव्हतं. तुमी म्हणताय त्यांचं वाटोळं झालं. मला तर वाटलं, सुटल्या बाई."

हे त्यांना लागावं म्हणूनच मी बोलले. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी पाचला मी तेल घेऊन गेले तर म्हणाले, "राहू दे आज." दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मला वाटलं, ताप आलाय. हात लावून पाहिला, अंग गार होतं. तिसऱ्या दिवशी मी खोली झाडत होते, तेव्हा त्यांनी हाक मारली. सूनबाई म्हणून नाही. "सिद्धव्वा," म्हणाले. माझं नाव सिद्धेश्वरी. ह्या घरात मला सिद्धव्वा फक्त अव्वा म्हणायच्या.

"सिद्धव्वा, परत सांग की. कशी निजली होती?"

मी परत सांगितलं. ह्या वेळी लागावं म्हणून नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मग स्वतःच्या पायांकडे बघून म्हणाले, "सत्तेचाळीस वर्षं मी तिला खाली बसवलं." मी झाडू तसाच धरून उभी राहिले.

पुढचे सहा आठवडे हे आमच्या घरातले चांगले दिवस. त्यांच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं, सेल घालू का विचारलं, तर म्हणाले, "कशाला?" चहा कधी सातला, कधी साडेसातला. लांबून मालगाडीचा आवाज यायचा. आधी आवाज आला की ते मनगटाकडे बघून गाडी ओळखायचे आणि उशीर झाला असेल तर चिडायचे. आता मीच विचारायचे, "कुठली हो अप्पा?" ते म्हणायचे, "काय की. गेली एक." आणि हसायचे. दात नसलेलं तोंड उघडून हसायचे. मी त्यांच्या पायाखाली मऊ उशी दिली. पाय लांब करून पडायचे, आंबा चोखायचे, रस कोपरापर्यंत ओघळायचा. त्यांना काही वाटत नव्हतं, मला तर नव्हतंच. गुडघे आखडत चालले होते. दोघांनाही ते दिसत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

मला ह्या माणसाचा राग यायचा बंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण मला ते आवडायला लागले.

एक दिवस म्हणाले, "सिद्धव्वा, मलाबी तसंच पाठवा. पाय लांब करून. मांडी नको मला."

"बरं."

"कागद आण. लिहून देतो. न्हायतर अनिल ऐकायचा न्हाय."

मी हसले. म्हटलं, "पुरे झाले तुमचे कागद! एकदा सोडलं म्हणजे सोडलं. परत कलमं लिहायला बसला तर सोडलं काय डोंबल? मी हाय की. मी सांगेन."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. साकु कागद." आणि परत आंब्याच्या कोयीकडे वळले. मी कागद आणला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पेन तिथंच उशाशी होतं.

अनिलकुमारांना मी त्याच रात्री जेवताना सांगितलं. मार्केट यार्डात दिवसभर आडतीवर बोलून त्यांचा घसा बसलेला असतो. "अप्पा म्हणतायत, आडवं पाठवा," मी म्हटलं. ते म्हणाले, "तुझं ते चालू झालं का परत? बास कर आता, म्हातारं माणूस हाय." मी पुढं रेटलं नाही. म्हटलं, सांगू सावकाश, कुठं घाई आहे?

मेच्या मध्यावर एका बुधवारी पाण्याची पाळी होती. सकाळी नऊला नळ आला. अप्पांना दुधात भाकरी कुस्करून दिली आणि मी पिंपं भरायला लागले. साडेनऊला वाटी आणायला गेले. वाटी रिकामी होती. अप्पा उशीला टेकलेले, पाय लांब, तोंडावर दुखल्याची एक रेघ नाही. मी नाकाशी हात धरला, छातीला कान लावला. गेले होते.

मी फोन उचलला. अनिलकुमारांचा नंबर काढला. आणि बोट तसंच राहिलं.

आता हाक मारली तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. दहा मिनिटांत निंगव्वा आत्या, अर्ध्या तासात भावकी. अंग गरम आहे, पाय दुमडतील, जोर लावावा लागला तर लावतील. मी म्हणेन, अप्पांना नको होतं. ते भिंतीवरचं कार्ड दाखवतील. पण दुपारपर्यंत थांबलं तर? एकदा अंग ताठलं की कोण काय करणार? कार्ड असो, कडी असो, चार बाय चारचा खड्डा असो. अप्पांचा शब्द मग अप्पांचे पायच राखतील.

मी फोन ठेवला, पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं. उरलेलं पाणी भरलं. अनिलकुमार अडीचला जेवायला येतात. भाकऱ्या केल्या, वांगं केलं. तासातासानं आत जाऊन अप्पांच्या पावलाला हात लावून बघत होते. अकराला पाऊल हलत होतं. साडेबाराला गुडघा घट्ट लागला. दोनला मी टाच धरून उचलून पाहिली, तर सगळा पाय एकसंध वर आला. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "झालं अप्पा. आता कुणी हात लावत न्हाय." मला रडू आलं, पण त्यात समाधानही होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाचं काहीतरी मनापासून केलं होतं.

अडीचला अनिलकुमार आले. मी म्हटलं, "अप्पा गेले. आत्ताच, दोनच्या सुमाराला."

ते आत धावले. वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून पहिलं वाक्य बोलले, "चल, लवकर बसवून घेऊ." गुडघ्याला हात लावला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

निंगव्वा आत्या काठी टेकत आल्या. पंच्याहत्तर वर्षांची बाई, आयुष्यात कितीतरी माणसं बसवलेली. त्यांनी पावलाला हात लावला, मग मानेला, मग जबड्याला. "दोनला गेला म्हणतीस?"

"व्हय आत्या."

"मग हे लाकूड कसं झालं ग?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. बंद पंखा, ओढलेलं दार, स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या भाकऱ्या. त्या खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "केलंस. बोलली होतीस तसं केलंस. संक्रांतीला मी माझ्या कानानं ऐकलंय."

मग मी सगळं सांगितलं. साडेनऊ वाजता गेले, मी थांबले, का थांबले, अप्पा काय म्हणाले होते. तोवर मैंदर्गीहून श्रीशैल आले होते, भावकीतले धोंडप्पा आले होते, अय्या आले होते. सगळे ऐकत उभे होते. जितकं खरं बोलत गेले तितकं ते मला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं.

अनिलकुमार हळू आवाजात म्हणाले, "अप्पांनी असं सांगितलं? कुणासमोर?"

"माझ्यासमोर."

"लिहून दिलं? एक अक्षर दाखव त्यांच्या हातचं. मी आत्ता थांबतो."

"लिहून देत होते. मीच नको म्हटलं."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. अनिलकुमारांनी भिंतीवरचं कार्ड काढलं आणि अकरावं कलम मोठ्यानं वाचलं. घाबरून किंवा भ्रमात मी याच्याविरुद्ध काहीही बोललो तरी ते मानू नये. वाचताना त्यांचा आवाज फुटत होता. मग म्हणाले, "त्यांना म्हाईत होतं ग. शेवटी असं होणार हे म्हाईत होतं त्यांना."

"वहिनी," श्रीशैल खाली बघत म्हणाले, "खड्डाबी चौकोनी हाय. आडवं ठेवायचं कसं?"

"दुसरा खणा की!"

"आन् हा? चार वर्षं अप्पा नि मी जपला तो?"

अय्यांनी मात्र माझी बाजू घेतली. म्हातारे, शांत माणूस. म्हणाले, "अंग वळत नसंल तर जोर करू नये. निजवून ठेवलं म्हणून शिव काय नको म्हणणार हाय का?"

"तुमचं खरं हाय अय्या," अनिलकुमार म्हणाले, "पण अव्वाला असं पाठवलं म्हणून ते चार वर्षं झुरले. मी परत तसं करू? मी त्यांचा मुलगा हाय."

ते दुष्ट माणूस नाहीत. तसे असते तर मला सोपं गेलं असतं.

आधी गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, तेल चोळलं. अर्धा तास खटपट केली. सहा आठवडे आखडलेले गुडघे, त्यात ताठलेलं अंग. धोंडप्पांनी बाह्या वर केल्या. अशा कामाला त्यांनाच बोलावतात. ते म्हणाले, "बायका भायेर जावा."

बाहेर पडताना निंगव्वा आत्यांनी माझा दंड धरला. शिव्या देतील असं वाटलं. पण त्या नुसतं म्हणाल्या, "सकाळी हाक मारली असतीस तर लोण्यासारखा बसला असता ग माझा भाऊ. काय कळलं नसतं त्याला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच तासांत एकदाही आलं नव्हतं.

दार लागलं. मी पडवीत पिंपाला टेकून उभी होते. आतून धोंडप्पांचा आवाज, "धरा, घट्ट धरा." सवयीनं मी मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. सातला पहिला आवाज आला. वाळलेली तुरकाठी मोडावी तसा, पण ओला. मग बराच वेळ नुसतं अनिलकुमारांचं रडणं ऐकू येत होतं. मी कान देऊन ऐकत राहिले. सात-आठ झाले की अप्पा साकु म्हणायचे. आज कुणी म्हणालं नाही. मग दुसरा आवाज आला.

पाच वाजता दार उघडलं. अप्पा बसले होते. भिंतीतल्या कडीला पाठ बांधलेली, मांडी घातलेली, वर पांढरंशुभ्र धोतर. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग, मांडीवर बेलाची पानं. लोक रांगेनं येऊन पाया पडत होते आणि जो तो एकच बोलत होता. "किती शांत दिसतायत." "पुण्यवान. बसल्या जागी समाधी." "सगळं मनासारखं करून घेतलं बघा." माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "वैनी, तुमी लई सेवा केलीत हो." मी मान हलवली.

सागवानी खुर्चीत बसवून त्यांना मैंदर्गीला नेलं. शेळ्या हुसकल्या, फरशी उचलली, बॅटरी मारून बघितलं. आत थेंबभर पाणी नव्हतं. अप्पा त्या चार बाय चारमध्ये अगदी मापात बसले.

पाचव्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले. मी अप्पांच्या खोलीत भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते. अनिलकुमार आले, समोर बसले. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर तजेला होता.

"त्या दिवशी तू लई बोललीस," ते म्हणाले, "पण मी मनात धरलं न्हाय. राग होता तुझा, मला म्हाईत हाय. शेवटी अप्पांच्या मनासारखं झालं. आता मला शांत झोप लागती."

"बरं झालं," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून दोन कागद काढले. "आपणबी लिहून ठेवू. म्हंजे मागं वाद नको. हा माझा, हा तुझा. मी लिहून आणलंय सगळं, तू फक्त सही कर."

मी माझा कागद वाचला. खड्ड्याचं माप होतं, कडी होती, खुर्ची होती. अकरावं कलम त्यांनी अप्पांच्या कार्डावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. लांब कुठंतरी एक मालगाडी जात होती. अनिलकुमारांनी पेन पुढं केलं.

मी पाय जवळ ओढले, मांडी घातली आणि सही केली.